चौतीस मैलांचा आकडा

साहेब, तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो माझ्या वजनाचा होता. परळच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर, तेलाचा वास मुरलेल्या तुमच्या खोलीत मी मॅट्रिकचा दाखला हातात धरून उभी होते. गणितात मार्क चांगले होते, वडील गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते, याच्यापलीकडे स्वतःबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तुम्ही दाखल्याकडे पाहिलंही नाहीत. "वजन किती तुझं?" म्हणालात. मी गोंधळून "नव्वद पौंड असेल" म्हटलं. "असेल म्हणजे?" असं म्हणून तुम्ही मला खाली गोदामात नेलंत आणि खोकी मोजायच्या काट्यावर उभं केलंत. हमाल हसत होते. अठ्ठ्याऐंशी भरलं. तुम्ही ते कागदावर लिहून घेतलंत आणि म्हणालात, "हलक्या माणसाशेजारी वाळूची पिशवी ठेवून वजन जमवता येतं. जड माणसातून काढून ठेवता येत नाही. उद्यापासून ये." नोकरी मिळाली हे मला चाळीत पोचेपर्यंत नीट कळलं नव्हतं. आईला काय सांगायचं, तर काट्यावर उभी राहिले आणि नोकरी लागली.

आपला कारखाना परदेशातून खोक्यांत आलेले भाग जोडून मोटारी तयार करायचा आणि तुमचं खातं त्या मोटारी पेट्रोल किती खातात ते मोजायचं. खातं म्हणजे तुम्ही, एक मेस्त्री आणि मी. गाडीची मोठी टाकी रिकामी करून बंद केलेली, आणि तिच्या जागी डॅशबोर्डखाली एक छोटी पितळी टाकी, बाजूला खुणा केलेली काचेची नळी. तुम्ही गाडी चालवायची, मी शेजारी बसून मैलामैलाला नळी वाचायची आणि वहीत लिहायचं. मांडीवर वही, पायाशी वाळूची पिशवी. परळहून दादर, शिवाजी पार्कला वळसा, माहीम, तिथून शीव कोळीवाड्यापर्यंत जाऊन परत, ही आपली फेरी. चाळीतल्या बायका आईला विचारायच्या, "मुलगी रोज साहेबाच्या गाडीतून फिरते ती?" आई म्हणायची, "फिरत नाही, मोजते." तिला नक्की काय ते माहीत नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला बोललात. नळीतलं पेट्रोल दोन खुणांच्या मध्ये हलत होतं आणि मी त्यातली गाडीच्या बाजूची खूण धरली. खरं सांगायचं तर गाडी मला आवडायला लागली होती, तिचं चांगलं व्हावं असं वाटायचं. कारखान्यात परतल्यावर तुम्ही वही पाहिलीत, बोट त्या ओळीवर ठेवलंत आणि आवाज जराही न चढवता विचारलंत, "हा आकडा तू पाहिलास की तुला आवडला?" मी तो आकडा खोडायला हात पुढे केला. "आवडला असेल तर वेगळ्या वहीत लिही. या वहीत पाहिलेलंच लिहायचं. चांगलं असो, वाईट असो, निरुपयोगी असो, घडलं ते लिहायचं." मी संडासात जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी नळीवर इतका वेळ नजर लावून बसले की तुम्ही म्हणालात, "अगं, पापणी तरी हलव."

रस्ता मोकळा असला की तुम्ही बोलायचात. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाडी चालवल्याचं सांगायचात. सकाळी अर्धा तास भट्टी फुंकायची, मग गाडी निघायची, आणि मलबार हिलच्या चढावर बसलेल्यांना उतरून ढकलावं लागायचं. "एक वकील होते, ते कोर्टात पोचायचे तेव्हा डगल्यापेक्षा तोंड काळं," तुम्ही सांगत होता आणि मी हसता हसता एक मैल वाचायचा चुकवला. त्या भट्टीबद्दल तुम्ही कधी तुच्छतेने बोलला नाहीत. म्हणायचात, गाडीला कशावर चालायचं याची अट नसते. अट आपली असते, कारण आपल्याला सोपं हवं असतं.

मग सुवेझचा कालवा बंद झाला. पेट्रोलची जहाजं येतील की नाही अशी चर्चा सुरू झाली आणि मालकांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की साखर कारखान्यांच्या मळीतून निघणारं स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळून आपली गाडी चालवून पाहा. त्या दिवसांत तुम्ही किती खुशीत होता ते मला अजून दिसतं. चार भाग पेट्रोल, एक भाग स्पिरिट. स्पिरिटमध्ये ताकद कमी, म्हणून कार्बोरेटरमधलं जेट, ज्या बारीक भोकातून पेट्रोल इंजिनात जातं ते, थोडं मोठं करावं लागलं. तुमचा सगळ्यात मोठा धाक पाण्याचा होता. मुंबईची दमट हवा, स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेणार, आणि पाणी जास्त झालं की स्पिरिट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसणार. ते किती दिवसांत होतं हे बघायला तुम्ही मिश्रणाच्या बाटल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. एका रविवारी त्या वाचायला मला गिरगावात बोलावलंत.

तुमच्या घराण्याची ती जुनी इमारत, दारावर पितळी पाटी. मी चपला काढून बाहेरच्या खोलीत उभी राहिले. बाटल्या स्वयंपाकघरात होत्या, आणि माझे पाय उंबऱ्याशी थांबले. त्याच वर्षी आमच्या घरातले देव गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, पण उंबऱ्याशी थांबायची पायांची सवय तसबिरीने लगेच जात नाही. तुम्ही आतून ओरडलात, "बाहेर काय करतेस? बाटल्या आत आहेत." मी आत गेले. खिडकीत, लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी सहा बाटल्या ओळीने. तुमच्या बाई चुलीपासून लांब उभ्या राहून म्हणाल्या, "बघ गं, लोणच्याशेजारी पेट्रोल. बाटल्या बाहेर गेल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असा यांचा हुकूम. सकाळपासून घरात चहा नाही." मी बाटल्या वाचल्या, तुम्ही त्या गच्चीत नेल्या, मग चूल पेटली. कोलंबीचं भुजणं झालं. बाईंनी माझं ताट आपल्या ताटाशेजारी मांडलं आणि मला दोनदा वाढलं.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "कुठं बसवलं गं तुला जेवायला?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला काढून म्हणाली, "ताट कोणी घासलं?" मी सांगितलं, मी उठले होते, पण बाईंनी हातातून घेतलं. आई सूप घेऊन उठली. पुढच्या आठवड्यात तिने सुक्या बोंबलांची चटणी केळीच्या पानात बांधून माझ्याजवळ दिली, आणि तुम्ही ती कारखान्यात डबा उघडायची वाट न बघता गाडीतच खाल्लीत.

मिश्रणाचे आकडे वाईट नव्हते. नुसत्या पेट्रोलवर गाडी गॅलनला अठ्ठावीस मैल द्यायची, मिश्रणावर सव्वीस. दोन मैल कमी, पण पाचवा हिस्सा आपल्या देशातल्या उसाचा. तुम्हाला तेवढं पुरेसं होतं. कारखान्याच्या मॅनेजरना नव्हतं. त्यांना जाहिरातीत घालायला वाढलेला आकडा हवा होता.

तो दिवस मी कितीदा आठवला असेन. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलेलं होतं. आज इथे सभा, उद्या तिथे लाठी, आणि आपण बंद रस्ते चुकवत फेऱ्या करत होतो. शीवहून परतताना आपण दादरला, पुलाच्या पूर्वेच्या बाजूला पोचतो, तर पुढे रस्त्यात दगडांची रास आणि तिच्या पलीकडे पोलीस. गोळीबार नुकताच होऊन गेला आहे. चारपाच कामगार एका माणसाला धोतराच्या झोळीत घालून पळत येतात आणि आपल्या गाडीच्या दारावर हात मारतात. माणूस चाळिशीचा, मांडीत गोळी, धोतर रक्ताने चिंब. "साहेब, परळच्या हॉस्पिटलात सोडा. ॲम्ब्युलन्स येत नाही."

तुम्ही मागचं दार उघडलंत. एक जण त्याला धरून आत बसला. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "नळी?" मी म्हटलं, "पाऊण पिंटाला थोडं कमी." सरळ रस्त्याने पेट्रोल पुरलं असतं, पण सरळ रस्ता बंद होता. पुलावरून पश्चिमेला उतरून, प्रभादेवीवरून फिरून, पुन्हा पूल चढून परळला यायचं म्हणजे तीन मैल. आठ पिंटांचा गॅलन, गॅलनला सव्वीस मैल, मी मनात भागाकार केला. सव्वादोन मैलांनंतर गाडी थांबणार होती. तुमचाही हिशेब झाला होता हे तुमच्या तोंडावर दिसलं. "वाळूची पिशवी टाक बाहेर," म्हणालात. मी टाकली. मग तुम्ही बूट काढलेत. पेडलवर पाय किती पडतो ते अनवाणी नीट कळतं, हे मला तुम्ही नंतर सांगितलंत.

तसं गाडी चालवणं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. तुम्ही हळूहळू वेग धरायचात, मग इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू द्यायचात, अगदी रेंगाळायला लागली की पुन्हा सुरू. ब्रेकला हातच नाही, म्हणजे पाय नाही. शंभर हात पुढे माणसं दिसली की तिथूनच वेग सोडून द्यायचा. दादरच्या पुलाच्या उतारावर इंजिन बंद, आणि त्या शांततेत मागच्या माणसाचं कण्हणं स्पष्ट ऐकू येत होतं. त्याला धरून बसलेला माणूस म्हणाला, "साहेब, जरा जोरात घ्या की." तुम्ही मागे न बघता म्हणालात, "जोरात घेतली तर पोचणार नाही. त्याची मांडी वर घट्ट दाबून धर. सोडू नकोस." मी नळी वाचत होते आणि लिहीत होते. मला दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. परळच्या पुलाच्या माथ्यावर नळी रिकामी झाली. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. उतारावरून गाडी तशीच आली, हॉस्पिटलच्या फाटकात चाकं गेली आणि आपण थांबलो. तो माणूस जगला. आठवड्याने तुम्ही त्याला बघून आलात आणि मला एवढंच सांगितलंत, "बोलतो. पाय अधू राहील."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मॅनेजरनी मला थांबवून विचारलं, पेट्रोल नसताना गाडी पोचली कशी. मला तुमचा केवढा अभिमान वाटत होता. मी सगळं सांगितलं आणि वर आकडाही सांगितला, गॅलनला चौतीस मैल. मिश्रणावर. त्यांचा चेहरा बदललेला मला कळला, पण त्याचा अर्थ दुपारी कळला. त्यांनी वही मागवली आणि जाहिरातीचा मजकूर टाइप करायला पाठवला, "देशी इंधनावर चौतीस मैल".

मी तुमच्याकडे आले आणि जे केलं होतं ते सांगितलं. वाटलं होतं, आता नोकरी गेली. तुम्ही विचारलंत, "आकडा खोटा आहे?" मी म्हटलं, "नाही." "मग तू सांगितलंस यात चूक काय? चूक पुढे होणार आहे, ती थांबवू." वही परत आली तेव्हा वाटलं, पान फाडाल. तुम्ही समासात बारीक अक्षरात लिहिलंत, अंतर फक्त तीन मैल, इंजिन वारंवार बंद, दोन उतार, चालक अनवाणी, मागे जखमी माणूस. आणि खाली सही.

मालकांच्या खोलीत मॅनेजर म्हणाले, "आकडा तुमच्याच वहीतला आहे. तुमचीच सही आहे." तुम्ही मालकांकडे वळलात. म्हणालात, "चला, आपण दादरपर्यंत जाऊन येऊ. मी तुम्हाला चौतीस मैल दाखवतो." मालक म्हातारे होते, स्वतः मोटार चालवलेले होते. आले. मी मागे वही घेऊन. भर दुपारी परळच्या रस्त्यावर तुम्ही बूट काढून तशीच गाडी चालवायला लागलात. मागून ट्रामची घंटा वाजत होती, सायकलवाले पुढे जात होते, एका हातगाडीवाल्याने ओलांडून जाताना खिडकीत डोकावून विचारलं, "धक्का मारू काय?" मालकांच्या टोपीखालून घाम ओघळत होता. दादर यायच्या आधीच ते म्हणाले, "पुरे." तुम्ही इंजिन सुरू करून नीट वेगाने गाडी परत फिरवलीत. टोपी काढून घाम पुसत ते म्हणाले, "असं कोण चालवणार?" "कोणी नाही," तुम्ही म्हणालात, "म्हणून तो आकडा कोणाला विकता येत नाही. पण आठ मैल कुठे जातात ते त्या दिवशी कळलं. मला सहा महिने द्या. त्यातले दोन-तीन गाडीतच बसवून देतो, मग चालवणारा कसाही असो."

ते सहा महिने माझ्या आयुष्यातलं कॉलेज. रोज सकाळी तुम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहायचात, आज पेट्रोल कुठे सांडलं? ब्रेकमध्ये सांडतं, गाडी जितकी जड तितकं जास्त, म्हणून तुम्ही बंपरमागचं लोखंड, सीटखालच्या पट्ट्या, एकेक भाग त्याच गोदामातल्या काट्यावर चढवून हलका करून घेतलात. टायरमध्ये हवा कमी असली की सांडतं. तेल जाड असलं की सांडतं. इंजिन उगाच जोरात फिरलं की सांडतं, म्हणून मागच्या धुऱ्याचे दाते बदलले, चढाला गाडी थोडी मंद झाली ती तुम्ही लपवली नाहीत. आणि पेडलवरून पाय उचलल्यावरही इंजिन पेट्रोल पीतच राहतं, ते थांबवायला तुम्ही एक झडप शोधून काढलीत. मेस्त्रींनी ती तीनदा घडवली. तिन्ही वेळा गाडी फटाके फोडल्यासारखी वाजली आणि लालबागच्या नाक्यावर एकदा पोलीस धावत आले. ती झडप जमली नाही. बाकीचं जमलं, मिश्रणावरही गाडी अठ्ठावीसच्या वर गेली, कुणीही चालवली तरी. मेस्त्री, मॅनेजरांचा ड्रायव्हर, मालकांचा भाचा, सगळ्यांना तुम्ही मुद्दाम चालवायला लावलंत. "चांगल्या पायावर भरवसा ठेवायचा नाही," म्हणायचात, "वाईट पायासाठी गाडी करायची."

कालवा उघडला, पेट्रोल आलं, मिश्रणाची फाइल कपाटात गेली. मॅनेजर ती दुपार विसरले नव्हते. चाचणीचं खातं बंद झालं आणि तुम्हाला खाली सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. दोन-तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला, आमच्या चाळीत रोषणाई होती आणि तुम्ही तेव्हा नटबोल्टांच्या खणांना चिठ्ठ्या लावत होता. मी चिडून विचारलं होतं, तुम्हाला राग येत नाही का? तुम्ही म्हणालात, "गाडीत बसवलेलं कोणी काढून घेतलं नाही ना? मग झालं." खाली गोदामात जाण्याआधी तुम्ही माझ्यासाठी दुसऱ्या कारखान्यात चिठ्ठी दिली होती. तिच्यात माझ्या स्वभावाबद्दल एक शब्द नव्हता. लिहिलं होतं, "ही पाहिलेलं लिहिते." त्यावर मी चौतीस वर्षं नोकरी केली, शेवटची अकरा चाचणी खात्याची प्रमुख म्हणून.

तुम्ही गेलात त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. नंतर काय काय आलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. टॅक्सीच्या डिकीत गॅसच्या नळकांड्या आल्या तेव्हा मला तुमची कोळशाची भट्टी आठवली. पाय उचलताच पेट्रोल आपोआप तोडणारं इंजिन मी पहिल्यांदा चाचणीला घेतलं, तेव्हा माझ्या हाताखालच्या इंजिनियरांना म्हटलं, हे काम परळला एका माणसाने तीनदा करून पाहिलं होतं. ते नम्रपणे हसले. सिग्नलला इंजिन स्वतःच बंद होतं आता, अनवाणी व्हावं लागत नाही. आणि तुमचं मिश्रण, साहेब, तेच, चार भाग पेट्रोल आणि एक भाग स्पिरिट, आता माहीमच्या पंपावर सरसकट मिळतं. लोक कुरकुरतात की गाडी कमी जाते. मी म्हणते, थोडी जाणारच, आमच्या साहेबांनी तेव्हाच मोजलं होतं.

गेल्या महिन्यात नातीने विजेची मोटार घेतली. मला दुकानात बरोबर नेलं, आजीला मोटारीतलं कळतं म्हणून. तिथल्या मुलाने एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते तो आकडा सांगितला, मोठा, गोल, शेवटी शून्य असलेला. किती वजन होतं, कुठल्या रस्त्यावर, एसी चालू होता का, सगळे प्रश्न ओठांवर आले. नातीने माझा हात धरला होता आणि ती त्या गाडीकडे अशी बघत होती की तिच्या तोंडावरून माझी नजर हलेना. मी विचारलं नाही, साहेब. मुलाला म्हटलं, "छान आहे," आणि तिने सही केली.